वरच्या मजल्यावरचे जिने

दादाचा धंदा जिन्यांचा. लाकडी जिने. सरळ, वळणाचे, गोल फिरत जाणारे, दुखऱ्या गुडघ्यांना सोसतील अशा बुटक्या पायऱ्यांचे. बावीस वर्षांत जेवढे ठोकले तेवढ्यांची मापं आणि चित्रं त्याने जपलेली, आधी वह्यांत आणि मग कॉम्प्युटरात. अकरा वाजता डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या जिन्याचं चित्र बघायला यायच्या होत्या, आणि नेमका त्याच सकाळी ‘जिने’ नावाचा फोल्डर उघडेना.

‘तुम्हाला परवानगी नाही,’ असं पडद्यावर आलं.

“मला?” दादा पडद्यावरच खेकसला. “अरे, तू कोण रे सांगणार?”

वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहायचा. दोघांचे कॉम्प्युटर एका वायरीने जोडलेले. धाकटा सकाळीच बाहेर पडलेला, म्हणून दादाने फोन लावला.

“वायर गेली असेल रे दादा,” धाकटा म्हणाला. “उंदरांनी कुरतडली असेल. त्या कॉम्प्युटरवालीला बोलाव ना.”

कॉम्प्युटरवाली आली, टेबलाखाली शिरली, धूळ झटकत बाहेर निघाली.

“वायर ठणठणीत आहे काका. तुमच्या कंबरेपेक्षा बरी.”

“माझ्या कंबरेवर घसरू नकोस. पुढचं बघ.”

तिने पुढचं बघितलं. पासवर्ड बरोबर. वरचं मशीन चालू. वरच्या मशीनमधली गाणी उघडली, धाकट्याच्या लग्नाचे फोटोही उघडले. एका फोटोत दादा वाकून त्याच्या कोटाची बटणं लावत होता. दादा तेवढ्यातही हसला. “पोट बघ कसं सुटलंय नवरदेवाचं.”

ती मात्र हसली नाही. “काका, नेटवर्क बिघडलं तर सगळंच बंद पडतं. निवडून एकच फोल्डर बंद पडत नाही. हे कुणीतरी हाताने केलंय.”

“पण चित्रं माझ्याकडे आहेतच की! हे काय, समोर दिसतायत.”

“ही नुसती पाटी आहे. दुकान वर आहे.”

दादा खुर्चीत बसला. दोन वर्षांपूर्वी धाकट्याने नवं मशीन घेतलं, तेव्हा त्यानेच सगळी चित्रं वर चढवली होती. ‘तुझं जुनं कधी मान टाकेल नेम नाही,’ असं धाकटा म्हणालेला. दादाला वाटायचं, वायर जोडली म्हणजे दोघांकडेही आहेत. म्हणून खालचं पुसलं, आणि वह्या तर अडगळ म्हणून कधीच देऊन टाकल्या.

दोघं वर गेले. भावजयीने दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाली. कॉम्प्युटरवालीने फोल्डरची यादी काढली. कोण उघडू शकतं, त्यांची नावं. ती मोठ्याने वाचेना, म्हणून दादाने पुढे होऊन वाचली. एक नाव धाकट्याचं, दुसरं भल्यामोठ्या फर्निचर शोरूमचं. बस्स, दोनच.

“मी म्हटलं होतं यांना,” भावजय जमिनीकडे बघत बोलली. “आधी दादांना सांगा म्हणून.”

म्हणजे हिलाही माहीत होतं.

तेवढ्यात धाकटा आला. तिघांना मशीनपुढे बघून त्याचा चेहरा पडला.

“दादा, त्यांनी मला भागीदारीत घेतलंय. तुला सांगणारच होतो. त्यांची अट एकच, चित्रं बाहेरच्या कुणाकडे राहायला नकोत.”

“बाहेरच्या कुणाकडे,” दादा सावकाश म्हणाला. “म्हणजे मी.”

“तसं नाही रे...”

“आणि सकाळचे उंदीर?”

धाकट्याने मान खाली घातली. “दुसरं काही सुचलं नाही.”

“अरे, गधड्या, तोंडावर सांगितलं असतंस तर दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. या पोरीला तासभर टेबलाखाली रांगायला लावलंस.”

धाकटा गडबडीने खुर्चीत बसला. “थांब, तुझं नाव टाकतो परत. पण नुसतं बघण्यापुरतं, हं. खाली उतरवून घ्यायचं नाही. मी सही केलीय.”

“बघण्यापुरतं?”

“हो. कधीही बघ.”

कॉम्प्युटरवाली दादाच्या कानाशी आली. “देऊ दे त्याला. बघता आलं की मी गुपचूप उतरवून देते सगळं.”

“चोरू?” दादाचा आवाज चिरकला. “माझेच जिने?”

तो दाराकडे वळला. मागून धाकट्याने दोनदा हाक मारली. खाली येऊन दादाने फोन उचलला.

“डॉक्टरीणबाई, तुम्ही नका येऊ. मीच येतो तिकडे. मापं परत घ्यावी लागतील... नाही नाही, तुमचं काही चुकलं नाही. चूक घरातलीच आहे.”