तंदूरमागचा कोपरा

मार्गिलान शहराच्या त्या गल्लीत सुनेची पारख व्हायची ती खराट्याच्या आवाजावरून. पहाटे ज्या घरातून खरखर आधी, त्या घरची सून गुणाची. ओयदिन लग्न होऊन आली आणि तिने पहिला मान पटकावला तो कायमचा. सडा घालायची, पान न् पान वेचून जाळायची, भिंतीकडेचं रानही मुळासकट उपटायची.

पण यंदा उन्हाळा आला तरी रैहानच्या, म्हणजे तिकडच्या सुवासिक तुळशीच्या, ताटव्याकडे फुलपाखरं फिरकेनात. शेजारची होसियत चहाला आली, तिच्या नजरेतून हे सुटतंय कुठलं!

"सालोमत, गेल्या साली इथं फुलपाखरं नुसती नाकातोंडात जायची. यंदा एखाददुसरं. सुनेचा पायगुण म्हणायचा का गं?"

सासू सालोमतने सुनेची बाजू घ्यायची सोडून रोटी मोडून पुढे केली. ओयदिनला तेच जास्त लागलं. पाहुण्याची चहाची वाटी काठोकाठ भरली की त्याने काय ते समजून उठायचं असतं. तिचे हात शिवशिवले, पण रीतीप्रमाणे तिने अर्धीच भरली.

होसियत गेल्यावर ती तणतणत तंदूरमागचं रान उपटायला निघाली. कोपरा अडचणीचा, म्हणून तेवढं राहिलं होतं. हात लागला की आग होणारं ते रान. फडकं गुंडाळून वाकली आणि थबकली. पानापानावर काळ्या, काटेरी अळ्या निवांत चरत होत्या. भिंतीकडेचं असलंच रान तिने अळ्यांसकट जाळलं होतं. म्हणजे दोष पायाचा नव्हता, खराट्याचा होता.

सांगावं तर आपलीच फजिती. तरी तिने सासूला हाताला धरून आणलं.

"आई, फुलपाखरं मीच घालवली. हे बघा."

सासूने अळ्या पाहिल्या, मग सुनेचा रडवेला चेहरा.

"अगं वेडे, रोज पहाटे त्या खरखरीने माझी झोप मोडते. पण एवढ्या कामसू सुनेला 'पुरे' म्हणायचं कुठल्या तोंडाने?"

दोघी पोट धरून हसल्या.

द्राक्षं भरू लागली तोवर तंदूरमागे गुडघाभर रान माजलं होतं आणि ताटव्यावर केशरी पंखांची झुंबड उडाली होती. होसियतला दिसलं ते रानच.

"सून आळसावली वाटतं."

ओयदिनने मान खाली घालून किटली उचलली. सालोमतने ती तिच्या हातातून घेतली आणि होसियतची वाटी काठोकाठ भरली.