झाकलेली जखम

रविवारी गावच्या चर्चच्या हॉलमध्ये सुगीचं जेवण होतं. लारिसा कॅनडातल्या सॅस्काटून शहराहून गाडीनं आली, तेव्हा तिचे वडील मेट्रो कोस्तिनियुक इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले होते. पायात मात्र घरातल्या सपाता.

"बाबा, चला. टर्की निवेल."

"तू जा. माझा डबा देतात मागच्या दारानं."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या जखमेत जंतू शिरला होता. नेहमीच्या कुठल्याच औषधाला तो दाद देत नव्हता. जखम नीट झाकलेली असे. हात धुवून माणसांत खुशाल बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावानं ते ऐकलं नाही. हिवाळ्यापासून पत्ते खेळायला कुणी आलं नव्हतं. म्हातारा एकटाच डाव मांडी, एकटाच मोडी.

लारिसा प्रयोगशाळेत असल्याच जंतूंवर औषध घडवत होती: प्रथिनाचे इवले तुकडे, एकेक कडी जोडून केलेले, जंतूचं आवरणच फोडणारे.

"कुठवर आलं तुझं?" बाबांनी विचारलं.

"जंतू मरतात, बाबा. पण रक्ताच्या पेशीही फुटतात. कड्या बदलून पुन्हा करायचं."

"म्हणजे माझ्या वाट्याला नाही."

तिला खोटं बोलवेना. तिनं खाली बसून त्यांच्या पायात बूट चढवले.

हॉलच्या दारात वाढपाची व्यवस्था पाहणारी स्टेफ्का मावशी आडवी आली. "अगं, शिकलेली ना तू? इथं लेकरंबाळं आहेत!"

"मावशी, मी रोज याच जंतूंत काम करते. मला कधी मागच्या दारानं डबा दिला नाहीस."

"तुझं वेगळं."

"काय वेगळं?"

मावशी बाजूला झाली. दोघं लांब टेबलाशी बसली, तशी शेजारची माणसं एकेक करून बशा उचलून पलीकडे गेली. कुणी वाईट बोललं नाही. बोललंच नाही कुणी.

"जाऊ या का?" बाबा पुटपुटले.

"नाही. सावकाश जेवा."

ते खाली मान घालून जेवले. शेवटपर्यंत समोरचा बाक रिकामाच राहिला.

निघताना मावशी हळूच म्हणाली, "तुझं औषध कधी येणार गं?"

"वर्षं लागतील. पण बाबा बरे झाल्यावर तुम्ही सगळे त्यांना तोंड कसं दाखवणार, मावशी?"

स्टेफ्का मावशी टेबलावरच्या बशा गोळा करत गेली आणि मेट्रोंची बशी तेवढी तिथंच सोडून पुढे सरकली.