धवलारिणीचा नवरा

चंद्रानं सुकट निवडायचं सूप मांडीवरून खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि मागच्या दारी उंबऱ्यावर बसलेल्या नवऱ्याकडं सरळ पाहिलं.

"आता खरं सांगा. आवाज कसा लागला?"

पंढरी तिच्या ओठांकडं बघत होता. धवल्याची शेवटची ओळ संपून ते नुकतेच मिटले होते. दोन वर्षं तो जे उत्तर देत आला होता, तेच त्याच्या जिभेवर तयार होतं.

"झकास," तो म्हणाला. "घंटेसारखा."

शुक्रवारची दुपार होती. कामतघर वस्तीतले लूम, कापडाचे यंत्रमाग, आठवड्याच्या सुट्टीला बंद होते. एरवी दिवसरात्र खडखडणारी गल्ली अशी गप्प झाली की बायका म्हणत, आज शेजारणीची भाकरी थापलेलीपण ऐकू येते. पंढरीला शुक्रवार कळायचा तो तळपायांना. घराची जमीन थरथरायची थांबली, की शुक्रवार.

चंद्रा धवलारीण होती. आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की आधी मांडवाचा दिवस ठरतो आणि लगेच धवलारिणीला सुपारी जाते. ती देवांना बोलावते, पितरांना बोलावते, मामा-मावशांना नावानिशी बोलावते, तेही गाण्यातून. हे गाणं, म्हणजे धवला, तिला सासूनं, आक्कानं दिलं होतं. आक्का जाऊन नऊ वर्षं झाली, पण पोरीबाळी अजून म्हणत, चंद्रावयनीनं डोळे मिटले की आक्काच गाते. आणि प्रत्येक लग्नाहून परतल्यावर चंद्रा नवऱ्याला एकच विचारायची, कसा लागला? बाकीच्यांची वाहवा ती पानसुपारीसारखी घ्यायची नि विसरायची. पंढरीचं तसं नव्हतं. तो आक्काच्या मांडीवर धवले ऐकत मोठा झाला होता. त्याचा शब्द ती उशाशी ठेवायची.

"घंटेसारखा," चंद्रानं तेच म्हटलं. मग ती उठली, चार पावलं चालून त्याच्यासमोर जमिनीवर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. अवघड काही बोलायचं असलं की ती अशीच बसायची. लग्न झाल्यापासूनची तिची ही रीत होती. उभ्यानं भांडण व्हतं, बसून बोलणं व्हतं, असं ती म्हणायची.

"पिंपळासच्या लग्नातली गोष्ट विचारते. हळदीच्या वेळची. ती वरची ओळ हाय ना, उगवतीच्या देवाच्या धवल्यातली?"

"हाय की."

"त्या रात्री घरी येऊन तुमी म्हणालात, चंद्रे, ती ओळ तू अशी लावलीस की आक्का उठून बसली असती."

"मंग?"

"ती ओळ मी म्हटलीच न्हाय." चंद्राचा चेहरा स्थिर होता. "आवाज वर जाईना. घशातच अडकला. मी नुसते व्हट हलवले. मागून भावनानं म्हटली."

पंढरीनं उंबऱ्यावरचा हात उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"भावना तुमची भन हाय, तिनं कुणाला सांगितलं न्हाय. मी पन न्हाय सांगितलं. पन तुमी पहिल्या रांगेत व्हतात. तुमाला कळलं नसेल असं कसं व्हईल? म्हंजे मला बरं वाटावं म्हनून खोटं बोललात. दोन म्हैने हे घेऊन फिरतेय मी. परवा रविवारी गल्लीतल्या नामाच्या पोरीचं लग्न हाय. आता सांगा, माझा आवाज गेलाय का? गेला असेल तर मी सुपारी परत करते. पन तुमच्या तोंडून खरं ऐकून करते."

लूमवर जॉबर म्हणून पंढरीनं सत्तावीस वर्षं काढली होती. बिघडलेला लूम तो उघडायला आला की कारागीर बाजूला सरकून उभे राहत. त्याच्या बापानंही हेच काम केलं होतं आणि पन्नाशीत तो ठार बहिरा झाला होता. लग्नाकार्यात लोक बापाच्या कानाशी येऊन काहीबाही ओरडायचे आणि तो न कळून हसला की त्याच्यासोबत हसायचे. पंढरीला ते हसू आठवलं. बापाचं नव्हे, लोकांचं.

मग त्याला दुसरंही एक आठवलं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यानं चंद्राला सांगितलं होतं की, तिच्या बापाच्या आजारपणात तो मुद्दाम ड्युटीचं निमित्त करून गेला नव्हता. मरणारं माणूस बघायची त्याला भीती वाटली होती. त्या दिवशी चंद्रा खूप रडली होती. जेवली नव्हती. पण त्यानंतर किती भांडणं झाली, भांडी आदळली, एकदा ती माहेरी जाऊन आली, तरी ती गोष्ट तिनं कधी काढली नाही. चंद्राच्या हाती दिलेलं कधी दगड होऊन परत येत नसे. एवढं एक त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "पन तू समजतेस तसं न्हाय. मी तुझे व्हट वाचले, चंद्रे. व्हट हलले, म्हनून वाटलं म्हटलीस."

ती बघत राहिली.

"मला ऐकू येत न्हाय. समोर बसून बोललीस तर व्हटांवरून कळतं. लूमवर सगळे तसंच बोलतात, तिथं कुनाला पत्ता लागत न्हाय. धवले मला पाठ हायत. तुझे व्हट बघितले की आत आपोआप वाजतात. पन वाजतो तो जुना आवाज. आताचा मी ऐकलाच न्हाय."

"कवापासून?"

"दोन वर्सं."

चंद्रानं तोंड फिरवलं. ती काही बोलली असावी, कारण तिचे खांदे हलले. पण ते त्याला वाचता आलं नाही. आणि मग जणू तिला ते तेव्हाच उमगलं. तिनं चेहरा पुन्हा त्याच्याकडं वळवला आणि तेच, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा म्हटलं.

"दोन वर्सं मी भिंतीला विचारत व्हते."

पंढरीनं मान खाली घातली नाही. खाली घातली असती तर पुढचं चुकलं असतं.

"मला राग आलाय," चंद्रा म्हणाली. "लई राग आलाय."

"येऊ दे."

"चार दिवस राहील."

"राहू दे."

"पन उठून जात न्हाय मी." तिनं नाक पुसलं. "अजून काय हाय? एकदाच सांगा सगळं. मेल्यांनो, बाप-लेक सारखेच, कान गेले तरी तोंड उघडायचं न्हाय."

त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. मग त्यानं उरलेलं सगळं सांगितलं. शेठला कळलं तर बहिरा जॉबर कोण ठेवील, ही धास्ती. भाजीवाल्याच्या बोलण्याला उगाच मान डोलावणं. तिनं मागून हाक मारली आणि त्यानं ओ दिली नाही, की ती रुसायची. तेव्हा घुमेपणाचा आळ परवडला म्हणून गप्प राहणं. सांगून झाल्यावर अंग हलकं झालं. सुताच्या गाठी उतरवून रिकामा टेम्पो धामणकर नाक्याकडं निघावा, तसं.

चंद्रानं उठून सूप आणलं, पुन्हा समोर बसून सुकट बोटांनी सरकवली, मग मान वर केली.

"बिघाड कसा शोधता मंग? लूमचा?"

"हातानं. चौकटीवर तळवा ठेवायचा. शटल कुठं अडखळतं ते अंगात येतं."

तिनं थोडा विचार केला. मग ती वळली आणि त्याच्याकडं पाठ करून बसली. त्याचा हात मागून ओढून तिनं आपल्या दोन खांद्यांच्या मध्ये टेकवला.

ती गायली.

*उगवतीच्या देवा, पाऊल टाका मांडवात,*
*पोरीच्या ओंजळीत ठेवा पहाटेचा हात.*

पंढरीनं डोळे मिटले. खालच्या सुरात तिची पाठ भरून येत होती, नव्या बांधलेल्या लूमसारखी घट्ट, एकसारखी. दुसऱ्या ओळीला ती वर चढली आणि मधेच काहीतरी सैल पडलं, थरथरलं, विझलं. त्यानं तिला तीनदा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा तिथंच.

ती वळून बसली. कसा लागला, ते या वेळी विचारलं नाही.

"खाली पक्का हाय," तो म्हणाला. "पहिल्यापेक्षा पक्का. वर जाताना, दुसऱ्या श्वासाला सुटतो. तिथं आता जात न्हाय तो."

हे असं वाक्य या घरात पूर्वी कुणी कुणाला बोललं नसतं. चंद्रानं त्याचा तोच हात हातात घेतला, त्यावरची ग्रीसची काळी रेघ अंगठ्यानं पुसली, आणि एकदाच मान हलवली. खरी मजुरी मिळाल्यावर कारागीर हलवतो, तशी.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता कळलं कुठून उचलायचं ते."

रविवारी नामाच्या दारात मांडव माणसांनी फुलून गेला होता. डीजेवाल्याला गप्प केलं होतं. नवरी पाटावर होती, हळद वाटीत होती. चंद्रा तिच्या जागी बसली, नऊवारीचा काठ सारखा केला आणि गायच्या आधी, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"माझा आवाज वर जात न्हाय आता. वरची ओळ भावना म्हनंल. मी तिला देतेय ती, तुमी सगळ्या साक्षीला हाव."

बायकांत कुजबुज झाली. भावना रडवेली होऊन पुढं सरकली. चंद्रा मात्र ताठ बसली होती, कपाळावर आक्कासारखं मोठं कुंकू, आणि तिची नजर पहिल्या रांगेवर होती. तिनं खालच्या सुरात धवला उचलला.

पंढरी तिच्या ओठांवरून नजर काढत नव्हता. तेवढ्यात कुणीतरी मागून त्याचा खांदा हलवला. त्यानं वळून पाहिलं. नामा हातवारे करत, तोंड भलतीकडं करून त्याला काहीतरी सांगत होता. आजूबाजूचे चारसहा पुरुष पंढरीच्या उत्तराची वाट बघत होते. मान डोलावली असती तर भागलं असतं.

"नामा, हिकडं तोंड करून बोल," पंढरी म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या खुर्च्याही वळल्या. "मला ऐकू येत न्हाय."

नामा ओशाळला. मग तो खुर्ची ओढून समोर आला, आणि लहान मुलाला सांगावं तसं न सांगता, साध्या चालीनं म्हणाला,

"काय न्हाय रे दादा. वयनी आज लई सुंदर गातायत, येवढंच म्हनत व्हतो."

पंढरीनं मांडवाकडं पाहिलं. चंद्रा एक ओळ संपवून श्वास घेत होती.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला.