झेंडूखालची टाकी

पेट्रोलपंपाची यंत्रं, जमिनीतल्या टाक्या, छप्पर, सगळं तेलकंपनीचं. किसनराव फक्त पंप चालवणारे. कंपनीची ही स्थिर मालमत्ता दरवर्षी जागेवर जाऊन तपासायची आणि घसारा धरून तिची किंमत किती उतरली ते लावायचं, हे नागपूर कचेरीतल्या चंद्रभानचं काम. आष्टीचा हा पोरगा रसायनशास्त्रात बीएस्सी. घसारा त्याला पहिल्याच दिवशी आवडला होता. टाकीचं आयुष्य वीस वर्षांचं धरलं, की दरवर्षी किमतीचा विसावा भाग कमी. आलेख काढला तर पट्टीनं आखलेली सरळ रेघ!

आज कारंजाच्या पंपामागे कुंताबाईच्या विहिरीत वाकून पाहताना त्याला त्या रेघेची लाज वाटत होती. पाण्यावर रंगीत तवंग होता आणि काठापर्यंत पेट्रोलचा भपकारा येत होता.

"हुंगून काय पाह्यता, बाबू?" कुंताबाई म्हणाली. "बैल तोंड लावत नाई याले. वांगे जयून गेले. अन् किसनराव म्हनते, कोन्या टरकवाल्यानं डबा सांडला असन."

"मंग काय खोटं बोलतो का मी?" किसनराव मागून आले. "टाकी धड हाये म्हून दसऱ्याच्या वक्ती या साहेबानंच लिहून देल्लं. इचार त्याईले."

नागपूरच्या साहेबांनी चंद्रभानला तेवढंच सांगून यायला पाठवलं होतं: टाकी आपली, ती धड आहे, विहिरीचं आम्हाला माहीत नाही.

खंडेनवमीला तो तपासणीला आला तेव्हा किसनरावांनी यंत्रांची पूजा मांडली होती. टाकीच्या झाकणावर हळदकुंकू, नारळ आणि झेंडूचा हा एवढा ढीग. "आज हात नोका लावू, साहेब. उद्या उघडजा," ते म्हणाले होते. उद्या दसरा. चंद्रभानला संध्याकाळच्या एसटीनं घर गाठायचं होतं. टाकी पुरून नऊच वर्षं झालेली, हिशेबात अजून अकरा शिल्लक. त्यानं झाकण न उघडताच 'धड' असं लिहिलं. काळी माती ओल धरून ठेवते आणि अशा ओलीत लोखंड सगळीकडून सारखं झिजत नाही, गंज एकाच जागी धरून आरपार जातो, हे तो परीक्षेत लिहून आला होता.

"पंप बंद करा," तो म्हणाला. "सकाळपर्यंत एक थेंब विकायचा नाही."

"काऊन? गाड्या उभ्या राहतीन ना!"

"राहू द्या."

दिवेलागणीला त्यानं तेल मोजायच्या लांब पट्टीला खडू घासून ती टाकीत सोडली आणि ओल जिथवर चढली तिथं खूण केली. सकाळी पुन्हा सोडली. ओल खुणेच्या चार बोटं खाली होती. किसनरावांनी टोपी काढून हातात घेतली.

चंद्रभाननं पंपावरूनच नागपूरला फोन लावला. "टाकी गळते आहे. मी तेव्हा उघडून पाहिली नव्हती."

"अकरा वर्षांची किंमत एका दमात बुडीत दाखवायची का?" साहेब ओरडले. "आणि विहीर आपल्या मालमत्तेत आहे का?"

"नाही. पण टाकीसोबत तीही साफ करावी लागेल. मी तसंच लिहितो आहे."

तिकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

कुंताबाई विहिरीच्या रहाटावरून दोर उतरवत होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. नोकरी लागल्यापासून जपलेली शुद्ध भाषा तोंडात येईना.

"काकू, खंडेनवमीले टाकी उघडून पाहाले पायजे होती मी. नाई पाह्यली."

"काऊन?"

"झाकनावर फुलं होते."

तिचा हात थांबला. "माह्याच वाडीतले होते ते. याच पान्यावरचे."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खंडेनवमीला निघताना किसनरावांनी त्याच ढिगातली एक माळ त्याच्या पिशवीत घातली होती. आष्टीच्या घराच्या चौकटीला ती वाळेपर्यंत टांगलेली होती.

"साफ केल्यावर कई येईन रे पानी?" तिनं विचारलं.

"मले नाई सांगता येत, काकू."

तिनं दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं. चंद्रभाननं तिथली रिकामी घागर उचलली आणि दुसऱ्याच्या विहिरीच्या वाटेला तिच्या मागून चालू लागला.