कार्मेलोच्या वाटेवरचे आकडे

मी एक जुना नकाशा आहे. जमिनीचा नव्हे, मित्रांनो, पाण्याचा. रिओ दे ला प्लाता नदीचा. अलीकडे अर्जेंटिना, पलीकडे उरुग्वे, आणि मधलं पाणी तपकिरी, उथळ आणि महालबाड. वारा वायव्येचा सुटला की ते समुद्राकडे पळतं, आग्नेयेचा आला की काठोकाठ भरतं. जी नदी अंगावर वागवायची तीच रोज वेगळी वागत असेल, तर माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर? मी तर कागद. माझा स्वभाव संशयी झाला, तो असा.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर मुंगीएवढे बारीक आकडे होते. कुठे किती खोल, ते सांगणारे. अलीकडच्या काठावरच्या सान फेर्नांदो गावातल्या फाउस्तिनोने मला विकत घेतलं. तो लोकांच्या लाकडी होड्या घासून वॉर्निश करायचा, आणि त्याची स्वतःचीही एक लहान शिडाची होडी होती. शुक्रवारी संध्याकाळी मला टेबलावर पसरायचं, माते नावाचा कडू चहा पीत पेन्सिलीने पलीकडच्या कार्मेलो बंदराची वाट आखायची, आणि मग चौकीत द्यायची माणसांची यादी लिहायची. सीमा ओलांडायची म्हणजे जितकी नावं गेली तितकीच परत यायला हवीत. होडीवाल्यांच्या क्लबातले लोक त्याला विचारल्याशिवाय निघत नसत. तेव्हा मी भलताच फुशारलो होतो.

मग फोन आले. सगळ्यांच्या खिशात नदी मावू लागली आणि मी गादीखाली गेलो. तिथे दमटपणाने माझ्या कडा कुजल्या, पण विचारतो कोण!

गेल्या वर्षी फाउस्तिनोने मला अचानक बाहेर काढलं, आणि मला तेव्हाच लफड्याचा वास आला. दर महिन्याला एकटाच कार्मेलोला जायचा. रेघ मारायचा, खोडायचा, पुन्हा मारायचा. मला कधी नाकाशी धरायचा, कधी हातभर लांब. एक दिवस माझ्या कोपऱ्यात त्याने लिहिलं: ‘इर्मा, मंगळवार, साडेचार.’ बाईचं नाव आणि ठरलेली वेळ, आणखी काय पुरावा हवा!

ते नेलिदाने वाचलं. नेलिदा त्याची बायको. तिच्यावर माझा पहिल्यापासून संशय, कारण ती माझ्याकडे बघायची ती कपाटाच्या खणाचं माप घेतल्यासारखी. त्या रात्री तिने भांडी जरा जोरात आपटली. आणि मंगळवारी पहाटे पिशवी घेऊन धक्क्यावर हजर. तिला होडी लागायची, बारा वर्षांत तिने होडीत पाय ठेवला नव्हता.

“यादीत माझं नाव लिही,” ती म्हणाली.

त्याने तिला मळमळेल, ऊन लागेल, असं बरंच सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही. मला वाटलं, आज या होडीत काहीतरी फुटणार.

वाटेत ती दोनदा ओकली आणि दोन्ही वेळा तोंड पुसून पुन्हा त्याच्याकडे बघत बसली. वायव्येच्या वाऱ्याने पाणी पार उतरलं होतं, माझ्यावर छापलंय त्याहून थेंबभर जास्त नव्हतं. कार्मेलो बंदराच्या तोंडाशी तिने विचारलं, पुढे पाणी किती? त्याने मला लांब धरलं. म्हणाला, एक मीटर ऐंशी. होडीला दीड मीटर लागायचं. थोड्याच वेळात तळ चिखलात घासला आणि होडी जागच्या जागी थांबली.

नेलिदाने मला ओढून घेतलं, बोट ठेवलं.

“हा तीन आहे, फाउस्तिनो. एक तीस.”

“मला आठ दिसला.”

“आणि ही इर्मा कोण?”

तो खाली बसला. “कार्मेलोतली डोळ्यांची डॉक्टर. बघतो तिथे बरोबर मध्ये डाग दिसतो. चष्म्याने जाणार नाही म्हणते.”

मग त्याने सगळं सांगितलं. सान फेर्नांदोच्या दवाखान्यात निम्मा क्लब बसलेला असतो, संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. कुणी वॉर्निशला होडी दिली नसती. आणि नेलिदाने नदी बंद केली असती, हे त्याने शेवटी सांगितलं, अगदी हळू.

“मी बाई शोधत आले होते, म्हाताऱ्या,” नेलिदा म्हणाली. “बाई असती तर बरं झालं असतं.”

आणि ती रडली. मला माझीच लाज वाटली. त्याचे हात मला जवळ-लांब करत होते, तेव्हा मी इर्माचा विचार करत बसलो होतो. डोळे त्याचे गेले, मित्रांनो, पण आंधळा मी होतो.

संध्याकाळी पाणी चढलं, होडी सुटली. साडेचारची वेळ चुकल्याचं फाउस्तिनोने फोनवर कळवलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून कार्मेलोच्या धक्क्यावरच आल्या.

पुढच्या शुक्रवारी नेलिदाने मला टेबलावर पसरलं आणि जाड लाल पेन उघडलं. आता ही सूड घेणार, अशी माझी खात्रीच झाली. खोड लवकर जात नाही. पण ती भिंग धरून माझा एकेक बारीक आकडा वाचायची आणि त्यावर वाल पापडीएवढा लाल आकडा काढायची. छापलेलं सगळं झाकलं गेलं. तो खुर्चीतून मान तिरकी करून, डाग बाजूला सारून वाचायचा. चुकला की ती आणखी मोठा काढायची. यादीत आता दोन नावं असतात. ती अजून ओकते, आणि ओकून झालं की पुढचा आकडा विचारते.

मी पार बिघडलो आहे. दुकानात मला कुणी फुकट घेणार नाही. तरी परवा क्लबातल्या एकाने मला चौकटीत बसवायचं सुचवलं, आठवण म्हणून. मित्रांनो, तेवढं होऊ देऊ नका. जुन्या वस्तू जपायच्या असतील तर त्या वापरा, त्यांच्यावर लिहा, खुशाल डाग पाडा. मला काचेत घालून भिंतीवर टांगू नका. तिथून त्याला आकडे दिसणार नाहीत.