अर्ध्या चेहऱ्याचे दार

मी एक जुने दार आहे, पण कुठेच लावलेले नाही. दोन स्टुलांवर आडवे पडून आहे. मित्रांनो, माझ्याकडे फार वेळ नाही, म्हणून भराभर सांगते.

एका सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले. चाळीस वर्षे मी एका दवाखान्याच्या तोंडाशी उभे होते. मुले मला पाहूनच भोकाड पसरत, आणि डॉक्टरीणबाई म्हणत, "दार असावं तर असं!" पुढे काचेचे दार आले आणि माझी रवानगी मागच्या भिंतीशी झाली. बिजागऱ्या गंजून गळाल्या. कुलूप कोणीतरी काढून नेले. त्या जागी एक गोल भोक राहिले.

तिथून मला मामाने खांद्यावर घालून आणले. मामा म्हणजे या घरातल्या मुलीचा मामा. तिचा पाय एका जागी ठरत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. मामाही सुतारच. त्याच्या बहिणीला, म्हणजे भिंगरीच्या आईला वाटले, भाऊ या दाराचे टेबल करणार. त्याने मला स्टुलांवर टाकले आणि भाचीला म्हणाला, "भिंगरे, जे सापडेल ते आण. यावर रोज एक गंमत मांडू."

नियम एकच होता, डिंक नाही आणि खिळा नाही. "दिवसभर खिळेच ठोकतो गं मी. घरी तरी सगळं सुटं असू दे," मामा म्हणायचा. मग गोटे, पिसे, वाळकी पाने, बाटल्यांची बुचे, रंधा मारताना निघालेल्या लाकडाच्या सुरळ्या असे काहीही यायचे. माझे भोक कधी माशाचा डोळा व्हायचे, कधी विहीर, एकदा तर बाबांची बेंबी. बाबा दोन दिवस रुसले होते. संध्याकाळी मामा माझी एक बाजू उचलायचा, भिंगरी ओरडायची, "सोड गाडी!" आणि सगळे खडखडत टोपलीत. खरे सांगते, त्या घसरगुंडीची मला चटकच लागली होती.

मग मामाचा खोकला वाढला. एके दुपारी तो धापा टाकत भिंगरीचा चेहरा मांडायला बसला. निळ्या बटणाचा डोळा, सुरळ्यांचे कुरळे केस. चेहरा अर्धाच झाला. "दमलो बुवा. उरलेला अर्धा उद्या तू कर," म्हणाला आणि इस्पितळात गेला. तो परत आला नाही.

तेव्हापासून मला कोणी तिरके केलेले नाही. या खोलीत भिंगरी पंखासुद्धा लावू देत नाही. रोज मुठीत काहीतरी आणते, माझ्यावर ठेवते आणि पुन्हा उचलते. आज सकाळी तिच्या मुठीत शिंपल्याचा तुकडा होता. "बाबा, रविवारी आपण घर बदलणार ना? त्याआधी मी पूर्ण करते. तोवर कोणी हात नाही ना लावणार?"

"नाही लावणार. शब्द देतो."

आणि दुपारीच टेम्पो आला. टेम्पोवाल्याला म्हणे रविवारी जमत नाही. खोली रिकामी झाली, मी तेवढे उरले. दोन हमाल आत आले.

"हे आडवंच न्या," आई म्हणाली. "माझ्या भावाचं आहे त्यावर."

"वहिनी, आडवं निघायचं नाही. उभंच करावं लागेल."

त्याचे बरोबर आहे. दारातून दार आडवे जात नाही, हे मला कोणी सांगायला हवे का?

"मग शाळा सुटेपर्यंत थांबा. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

खाली टेम्पोचा भोंगा वाजला. बाबांनी मान खाली घातली. "अगं, सगळं पिशवीत भरून देऊ तिला. मांडेल ती पुन्हा."

पुन्हा? आणि मामाचा हात कुठून आणणार? मला ओरडावेसे वाटते आहे. पण बिजागऱ्या नाहीत, साधे करकरताही येत नाही.

मित्रांनो, चित्र जपून ठेवा असे मी म्हणत नाही. मामाने एकही ठेवले नाही. पण दुसऱ्याचा खेळ त्याच्या पाठीमागे आवरू नका. ती येऊ दे, शिंपला ठेवू दे, मग मी आनंदाने तिरके होईन. फक्त अर्धा तास!

हमालाची बोटे माझ्याखाली आली. एक बाजू उठते आहे. निळे बटण भोकाकडे सरकले. थांबा हो, दादा, थांबा! तिने अजून "सोड गाडी" म्हटलेले नाही.