स्क्रीनमध्ये काटकसर नको

जावयाशी भांडता येत नाही, ही खरी पंचाईत. त्यांच्या जागी माझी लेक असती तर तोंडावर सांगितलं असतं, बाई गं, तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव. जावयाला मात्र "हो का?" एवढंच म्हणायचं आणि आतल्या आत धुमसत बसायचं. माझे जावई माझ्याच टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम असं काय काय मला समजावत होते, आणि इकडे माझा जीव टांगणीला लागला होता.

"आई, एवढ्या बजेटात सगळंच भारी घेता येणार नाही. कुठेतरी हात आखडता घ्यावा लागेल."

"घ्या की. पण स्क्रीनमध्ये काटकसर नको. बाकी कुठेही करा."

मी जुने फोटो नीट करते. कुणाच्या आजीचा अर्धा गाल वाळवीने खाल्लेला असतो, कुणाचा बाप पाण्यात भिजून पुसट झालेला असतो. स्टुडिओवाला हे फोटो माझ्याकडे पाठवतो. मी कॉम्प्युटरवर गाल भरते, डोळे उजळते, रंग देते, आणि तो ते मोठे छापून गिऱ्हाइकाला देतो. आमचे हे गेल्यावर याच कामावर मी घर चालवलं, लेकीला शिकवलं, आणि कुणाच्या दारात उभी राहिले नाही.

अलीकडे मात्र फोटो परत यायला लागले होते. "ताई, चेहरे निळे पडतायत," स्टुडिओवाला म्हणाला. पहिल्यांदा मी त्याच्या छपाईला नावं ठेवली, दुसऱ्यांदा त्याच्या शाईला. मग एके दिवशी त्याने फोनवर आवाज खाली आणून सांगितलं, "एका कुटुंबाचा पूर्ण अल्बम आलाय, ताई. हा नीट झाला तर ठीक. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." ओरडणारा माणूस परवडला, पण असा हळू बोलणारा नको.

काम सुटलं की पुढे काय, ते मला पाठ होतं. लेक म्हणणार, आता कशाला एकटी राहतेस, आमच्याकडे चल. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे तिने. पोरगी गुणाची आहे, प्रेमानेच म्हणणार. पण त्या घरात मी दिवसभर करणार काय? भाजी निवडू आणि दाराची बेल वाजली की उठू? नुसत्या विचाराने मला धाप लागायची.

दोष कॉम्प्युटरचा होता, यात मला तिळमात्र शंका नव्हती. म्हातारा झाला होता बिचारा. फाइल उघडायला घेतली की माझा चहा होऊन जायचा. आणि स्क्रीन तर विचारू नका, पार पिवळी पडलेली. मी खोलीतला दिवा बदलला, खिडकीचे पडदे काढले, तरी पिवळेपणा जाईना. कपड्यांचा साबणसुद्धा त्याच सुमाराला बदलला, कारण पांढऱ्या चादरी पांढऱ्या निघतच नव्हत्या. हल्ली कशातच दम राहिलेला नाही.

नवा कॉम्प्युटर घेऊ, असं जावईच म्हणाले होते. तयार घेतला तर महाग पडतो, सुटे भाग निवडून जोडून घेऊ. मला आश्चर्यच वाटलं, कारण ते कधी कुणाच्या कामात नाक खुपसत नाहीत. पण एकदा मनावर घेतल्यावर माणूस झपाटल्यासारखा मागे लागला. ऑफिसातून फोन करायचे, "आई, रॅम आत्ता एकच पट्टी घेऊ, दुसऱ्या पट्टीची जागा मोकळी ठेवू, पुढे वाढवता येईल." मी म्हणायचे, "आणि स्क्रीन?" परत संध्याकाळी फोन, "जुनी हार्ड डिस्क नुसती साठवणीला ठेवू, कामाला एक लहान पण वेगवान एसएसडी घेऊ." मी म्हणायचे, "बरं. आणि स्क्रीन?"

दुकानात गेलो तेव्हाही तेच. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना खोक्यांच्या भिंती आणि मध्ये टेबलावर एक उघडा कॉम्प्युटर, आतडी बाहेर काढल्यासारखा. दुकानदार कपाळावर चष्मा चढवून स्क्रू पिळत होता. जावयांनी त्याला सगळं सांगितलं.

"ग्राफिक्सचं काम आणि ग्राफिक्स कार्ड नाही?" मी मध्येच विचारलं. म्हटलं, इथेच कुठेतरी फसवतील.

"फोटोला लागत नाही, काकू," दुकानदार म्हणाला. "ते गेमवाल्यांना आणि व्हिडिओवाल्यांना. तुम्हाला प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स पुरेल. फक्त ते आत आहे की नाही हे बघून प्रोसेसर घ्यायचा. नाहीतर सगळं जोडता, पंखे फिरतात, आणि स्क्रीन काळी ठिक्कर."

"मग कार्डाचे पैसे स्क्रीनमध्ये घाला."

"पॉवर सप्लायही जरा हलका चालेल का?" जावयांनी विचारलं.

"तो मी लावणार नाही. स्वस्तातला पॉवर सप्लाय जाताना एकटा जात नाही, बाकीच्यांना घेऊन जातो." त्याने तेवढ्यापुरती मान वर केली. "हे सगळं बसवायचं खोकं साधं घ्या. पत्र्याचं आहे, दिसायला काही नाही, पण हवा खेळते."

खोकं साधं ठरलं. की-बोर्ड माझा जुनाच ठरला. अशी एकेका ठिकाणी कात्री लावत लावत आम्ही चांगल्या स्क्रीनपर्यंत पोचलो. त्याने तीन मॉनिटर शेजारी शेजारी मांडले आणि एकाच कॉम्प्युटरला जोडले. तिन्हींवर माझ्या पेन ड्राइव्हमधला एकच फोटो आणला. माझ्या नातीचा, आमच्या ठकीचा. जावयांनीच काढलेला होता, खिडकीपाशी उभी राहून खिदळतानाचा. रंगाची परीक्षा घ्यायची तर पाठ असलेल्या चेहऱ्यावर घ्यावी, असा माझा हिशोब.

"बोला, कुठला आवडला?" दुकानदार म्हणाला.

मी तिन्हींकडे पाहिलं. परत एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं.

"हे तिन्ही पिवळट आहेत," मी म्हणाले.

"पिवळट?" त्याने एक लहानसं यंत्र काढलं, मधल्या स्क्रीनला चिकटवलं आणि वाचून दाखवलं. "रंग अगदी बरोबर आहेत, काकू. पांढरा म्हणजे पांढराच आहे."

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"आई," जावई म्हणाले.

"आई काय आई! वर्षानुवर्षं हेच काम करतेय मी. पांढरं कशाला म्हणतात ते मला सांगताय? सरका, मी दाखवते."

खुर्ची ओढली, माउस हातात घेतला आणि जरा बरं वाटलं. हात कसा सरावलेला असतो. गालावरचा पिवळेपणा काढला, कपाळ उजळलं, ओठ जरा निवळले. झाली ठकी. मी मागे टेकले.

"हा बघा. असा पाहिजे रंग."

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, स्क्रीनकडे पाहिलं, आणि एकदम त्याला कोपऱ्यातली खोकी लावायची आठवण झाली.

"छान झालाय, आई," जावई म्हणाले.

त्यांचा आवाज खाली आलेला होता, अगदी स्टुडिओवाल्यासारखा. मी माउस सोडून त्यांच्याकडे वळले.

"खरं सांगा," मी म्हणाले. "सासूला म्हणून सांगू नका. फोटो करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणून सांगा."

त्यांनी परत एकदा फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिचे ओठ निळे दिसतायत, आई. आजारी असल्यासारखी दिसतेय."

मी उजवा डोळा हाताने झाकला. स्क्रीन शिळ्या चहासारखी दिसली. डावा झाकला, तर जरा निवळली, आणि मी आत्ताच उजळलेल्या त्या गालावर मला एक निळी झाक दिसली. परत उजवा झाकला. परत डावा. वेड्यासारखी मी तेच करत राहिले, की आता तरी दोन्ही सारखे दिसतील.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"ठकीच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो तुम्ही मोठा करून दिलात ना, तेव्हापासून."

तो फोटो त्यांच्या बैठकीत लावलाय. त्याच्याखाली बसून मी कितीदा चहा प्यायले, आणि स्वतःच्याच हाताचं कौतुक केलं. ठकी आता शाळेत जाते.

"आणि कुणी बोलला नाहीत? तोंडाला कुलूप लावलं होतं?"

"तुमच्या लेकीने सांगितलं होतं, आईला यातलं काही बोलायचं नाही म्हणून." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "मला वाटलं, स्क्रीनच खराब असेल. शपथ घेऊन सांगतो. म्हणून तर मी मागे लागलो. रोज पार्ट बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, स्क्रीनच असू दे रे देवा."

तेव्हा कुठे मला कळलं, की इतके दिवस घाबरलेली मी एकटीच नव्हते. त्यांच्यावर ओरडावं असं फार वाटत होतं, पण ओरडायला काही सापडेना.

"मोतीबिंदू असेल," दुकानदार खोक्यांकडे तोंड करून म्हणाला. "माझ्या वडिलांना होता. काढता येतो."

काढता येतो, हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात ते सगळे चेहरे. कुणाची आजी, कुणाचा बाप. मी नीट करून दिलेले आणि निळे पडलेले, न जाणो किती घरांच्या भिंतींवर लटकत असतील. त्या घरांतही कुणीतरी "छान आहे" म्हणून गप्प बसलं असेल. मला रडू आलं. परक्या दुकानात, लोकांसमोर, नाक ओढत रडले.

जावयांनी रुमाल दिला. "आई, अल्बमचं मी बोलू का स्टुडिओवाल्याशी?"

"तुम्ही कशाला? मीच सांगेन त्याला. माझा डोळा खराब आहे, हात नाही." मी नाक पुसलं. "या, बसा इथे. तुम्ही बघा आणि सांगा, मी सरकवते."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"स्वतःची पोरगी कशी दिसते ते कळतं ना?"

ते स्टूल ओढून बसले. मी ठकीचा निळा रंग कमी करत गेले. "अजून," ते म्हणाले. "अजून थोडा. थांबा, जास्त झाला. जरा मागे घ्या. आता ओठ... हां."

"बरोबर?"

"एकदम बरोबर."

मी पाहिलं. मला ती काविळीने पिवळी पडलेली दिसत होती, एखाद्या मातीच्या बाहुलीसारखी. माझ्या हाताने असा फोटो मी कुणाला दिला नसता. बोट माउसवर तसंच राहिलं. मग मी स्क्रीनवरून नजर काढली आणि जावयांकडे पाहिलं. ते आपल्या लेकीकडे बघून हसत होते.

मी फोटो सेव्ह केला.